‘कोणामुळे?’चा रकाना

शनिवार, १ नोव्हेंबर

आजपासून डायरी मराठीत. कारण सुरैया सिस्टर. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बोलता मराठी, पण पेशंटला ऐकू इंग्लिश येतं." सकाळी मी एका आजोबांना विचारलं होतं, तुमचं छातीतलं दुखणं कुठे प्रवास करतं का? ते म्हणाले, प्रवास मी करतो, दुखणं बरोबर असतं. अख्खी ओपीडी हसली. पिंपरीतल्या कॉन्व्हेंटमध्ये काढलेली बारा वर्षं अशी अंगावर येतात.

सरकारी बाँडचे अजून दहा महिने मुळशीतल्या या दवाखान्यात काढायचेत. बारा खाटा, एक ईसीजी मशीन, हार्टसाठी ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीचे किट (संपत आलेले), हार्टची सोनोग्राफी करणारं एको मशीन नाही. आणि सिस्टर, ज्या इथे बावीस वर्षं आहेत.

पण मला इथे एक गोष्ट करायचीच आहे. ताकोत्सुबो. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी आमच्या साधना मॅडमनी फक्त पंधरा मिनिटं शिकवलं आणि मी तेव्हापासून वेडी झालेय. माणसाला मोठा मानसिक धक्का बसतो आणि हार्टचा खालचा भाग आकुंचन पावायचंच थांबतो, फुग्यासारखा फुगून बसतो. छातीत तेच दुखणं, ईसीजी तोच, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं. डिट्टो हार्ट अटॅक. फक्त अँजिओग्राफी केली की रक्तवाहिन्या साफ निघतात. बहुतेक करून पन्नाशीपुढच्या बायकांना होतं. जपानमध्ये ऑक्टोपस धरायचं एक मडकं असतं, तळाला फुगीर, तोंडाला अरुंद. हार्ट तसंच दिसतं म्हणून हे नाव.

हे सगळं मी सिस्टरना हातवारे करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मडकं. मग एवढं मोठं नाव कशाला?"

साधना मॅडम म्हणाल्यात, ग्रामीण भागातली एक चांगली केस मिळाली तर जर्नलमध्ये केस रिपोर्ट छापून आणू. मला एक मडकं हवंय. फक्त एक.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फॉर्म बनवला. मराठीत, एका पानात. छातीत दुखणाऱ्या प्रत्येक पेशंटला तीन प्रश्न:
१) गेल्या चोवीस तासांत काही धक्का बसला का?
२) कसला?
३) कोणामुळे?

सिस्टर म्हणाल्या, तिसरा रकाना काढा. मी म्हटलं, सायंटिफिकली तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या म्हणाल्या, असेल. काढा. मी काढला नाही. उलट त्याच्यासाठी जागा जास्त ठेवली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवसांत एकतीस फॉर्म भरून झाले. छातीत दुखणारे त्यातले दोन. बाकीच्या बायका नुसता फॉर्म भरायला आल्या. एकीने तर सरळ सांगितलं, मला काही होत नाही, पण कुणी एवढं विचारतंय तर म्हटलं भरून घ्यावा.

‘कोणामुळे?’ या रकान्यात: नवरा ११, सून ९, सासू ७, ग्रामसेवक ३, मोबाईल १. सासू-सुनेच्या एका जोडीने एकमेकींची नावं लिहिली आणि मग बाकावर शेजारी बसून शेंगा खाल्ल्या. एक बाई झेरॉक्स मागत होत्या. विचारलं कशाला, तर म्हणाल्या, घरात फ्रेम करून लावते.

सिस्टरनी सगळे फॉर्म मोजले आणि गठ्ठा माझ्यासमोर आणून ठेवला.

रविवार, ९ नोव्हेंबर

ओके. नीट क्रमाने लिहिते.

सव्वाबाराला रत्नाबाईंना आणलं. वय बासष्ट, धरणाच्या काठावर घर, भाताची शेती. मुलगा प्रदीप घरामागे तंबू लावून कॅम्पिंग चालवतो. आजच त्याच्याकडे पुण्याची चाळीस माणसं होती. सून पायल, सव्वीसची, मागून स्कूटीवर आली, पदर खोचलेला, हाताला पीठ.

रत्नाबाई घामाने निथळत होत्या, मूठ छातीवर. मी विचारलं काय झालं. प्रदीपने सांगितलं: साडेअकराला सासू-सुनेचं भांडण झालं. आईच्या भाकरीच्या तव्यावर पायलने कॅम्पवाल्यांसाठी पिझ्झा केला. आई ओरडली, छाती धरली आणि खाली बसली.

बासष्ट वर्षं. बाई. भांडण. छातीत दुखणं. माझ्या डोक्यात दिवाळी.

मी फॉर्म शोधेपर्यंत सिस्टरनी ईसीजी काढला होता, अ‍ॅस्पिरिन चावायला दिली होती, सलाईनची सुई लावली होती आणि १०८ ला फोनही केला होता. ईसीजीत रेषा चांगल्याच वर चढलेल्या. ट्रोपोनिन पॉझिटिव्ह. मी रत्नाबाईंना विचारलं, धक्का कशाचा? त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तव्याचा." पायल मध्येच काहीतरी सकाळचं सांगत होती, प्रदीप तिला म्हणाला तू गप, तुझ्यापायीच झालंय. मला तेव्हा ते ऐकायला वेळ नव्हता. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं: सून.

आणि मग मी ते केलं. प्रदीपला म्हटलं, घाबरू नका, हा बहुतेक अटॅक नाही, टेन्शनने होणारा प्रकार आहे.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "टेन्शन व्हय? मग घरी नेतो की. पडून ऱ्हाईल जरा. चाळीस माणूस जेवायचं थांबलंय." आणि तो खरंच आईला उठवायला लागला.

मी सांगत होते की नाही, नाही, हे पण सीरियस आहे, यात पण माणूस जाऊ शकतो. पण ‘टेन्शन’ हा शब्द एकदा बाहेर पडल्यावर काही उपयोग नाही. इथे टेन्शन सगळ्यांना असतं आणि त्यासाठी कुणी पुण्याला जात नाही.

सिस्टरनी प्रदीपचा दंड धरला, दाराबाहेर नेलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अटॅक आहे. गाडीत बस."

पुण्याच्या हार्टच्या डॉक्टरांना ईसीजी व्हॉट्सअ‍ॅप केला आणि फोनवर माझं ताकोत्सुबोचं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हे दोन्ही ईसीजीत एकसारखे दिसतात. मी वीस वर्षं बघून इथून सांगू शकत नाही, तू तिथून कसं सांगतेस? अटॅक समजून पाठव. वेगळं काय ते आम्ही आत बघून ठरवू. दोन तासांत पोचत असाल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ नकोस."

मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सोबत गेले. समोरून अख्खं पुणं रिसॉर्टकडे येत होतं आणि निम्मे लोक आमच्या लेनमधून. ड्रायव्हर अनिसभाईंनी पौडपर्यंत एकदाही ब्रेक लावला नाही, फक्त हॉर्न. रत्नाबाईंनी सगळा रस्ता माझा हात धरला होता. एकदाच बोलल्या. "रविवारी जातीलच का वो?" मी म्हटलं कोण? त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बहुतेक कॅम्पवाल्यांबद्दल विचारत असाव्यात.

एक तास वीस मिनिटं. पोचलो.

सोमवार, १० नोव्हेंबर

मडकं. मडकं. मडकं.

अँजिओग्राफी साफ. एकोत हार्टचा तळ फुगलेला, अगदी पुस्तकातल्यासारखा. मी औषधांच्या स्टोअरमध्ये जाऊन नाचले. ओआरएसचे दोन खोके पडले.

रत्नाबाई स्थिर आहेत. मी प्रदीपला फोन करून सगळं समजावलं: रक्तवाहिन्या चांगल्या आहेत, काही आठवड्यांत हार्ट पूर्ववत होईल, मानसिक धक्क्यामुळे झालं. तो म्हणाला, "म्हंजे भांडणामुळंच ना?" मी म्हटलं हो, अगदी टिपिकल कारण आहे. त्याने "टिपिकल" हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

साधना मॅडमना मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला. म्हणाल्या, धक्का नेमका कशाचा आणि कधी बसला ते व्यवस्थित लिही, रिपोर्टचा सगळा जीव त्यातच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एक नवीन पेशंट: नलिनी, वय अठ्ठावन्न, रत्नाबाईंची धाकटी जाऊ. बीपी मोजायला आल्या. बीपी एकशे वीस-ऐंशी. या दोन घरांचं बांधावरून नऊ वर्षं बोलणं नाही, सिस्टर म्हणाल्या. तरी नलिनीबाईंनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या शेजारच्या म्हातारीचं काय झालं? मी म्हटलं पेशंटची माहिती देता येत नाही. त्या म्हणाल्या, न्हाई, मला काय करायचंय, जगली काय आन् मेली काय. आणि जाताना पायरीवर दहा मिनिटं बसून राहिल्या.

माणसांच्या मनात केवढा राग असतो ना.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नलिनीबाई परत. बीपी एकशे वीस-ऐंशी. दुपारी परत. तेच. मी म्हटलं, इतक्या वेळा मोजायची गरज नाही. सिस्टर म्हणाल्या, मोजा हो मॅडम, मशीन काय झिजतंय. आणि त्यांना चहा दिला. सिस्टर मला चहा देत नाहीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वाईट दिवस.

रत्नाबाईंना डिस्चार्ज मिळाला, छान. पण सकाळी पायल आली. स्कूटीला पुढे बॅग, मागे बॅग. ती नांद्याला माहेरी चालली होती. प्रदीपने पाठवलं. ‘आई बरी होईस्तोवर’, पण कपाटातले सगळे कपडे भरायला लावले. माझा फॉर्म, म्हणजे तो तिसरा रकाना, त्याने रविवारीच मोबाईलवर काढून घेतला होता. तो आता त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर आहे. खाली सतरा जणांनी हात जोडलेत. एका चुलत सासऱ्यांनी लिहिलंय, डॉक्टरनंच लिहून दिल्यावर काय बोलायचं.

मी म्हटलं, मी ‘सून’ लिहिलं ते मेडिकल अर्थाने. मेडिकल अर्थ म्हणजे काय ते मला तिला सांगता येईना. स्वतःलाही.

पायल रडली नाही. म्हणाली, "मॅडम, अटॅक निघाला असता ना, तर लई बरं झालं असतं. अटॅकला कुणी विचारत न्हाई कुणामुळं आला म्हणून. मी हितंच ऱ्हायले असते, सासूचं औषधपाणी बघत. आता जन्मभर मी ती, जिनं सासूचं काळीज फोडलं. एका तव्यापायी."

मग म्हणाली, तवा नीट घासून ठेवलाय, सांगा त्यांना.

ती गेल्यावर मी सिस्टरना म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं तो रकाना काढा म्हणून. त्या म्हणाल्या, "व्हय." बस एवढंच. पुढे काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नऊ तारखेला मी मनातल्या मनात अटॅक नसू दे, अटॅक नसू दे म्हणत होते. रत्नाबाईंसाठी नाही, रिपोर्टसाठी. हे लिहायला नको होतं, पण डायरी आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सगळे फॉर्म फाडले. आज दोन बायका नवीन भरायला आल्या आणि चिडून गेल्या.

नलिनीबाई: एकशे वीस-ऐंशी. आज त्यांनी विचारलं, त्या म्हातारीला मिशरी चालंल का? मी म्हटलं, मिशरी म्हणजे तंबाखूच, ती कोणालाच चालत नाही. त्यांचा चेहरा पडला. त्या म्हातारीशी एवढं वैर आणि मिशरीची काळजी. मला या गावाचं काही कळत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

केस रिपोर्टसाठी कागद काढले. पुण्याला पाठवलेल्या चिठ्ठीची कार्बन कॉपी. वर माझं अक्षर: ‘११.३० वाजता भांडण, त्यानंतर छातीत दुखणे.’ खाली, कोपऱ्यात, सिस्टरचं बारीक अक्षर: ‘सुनेच्या सांगण्यानुसार स. ७ पासून छाती चोळत होत्या. ओवा खाल्ला. बाम लावला.’

सात.

भांडण साडेअकराचं.

पायल रविवारी हेच सांगत होती आणि मी ऐकलं नाही. सिस्टरनी तिला बाहेर बाकावर बसवून विचारलं होतं. मी ‘का’ आणि ‘कोणामुळे’ विचारत होते. त्यांनी ‘कधी’ विचारलं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा आधी ‘कधी’ विचारतो.

मी धावत सिस्टरकडे. मला का नाही सांगितलं? म्हणाल्या, लिहिलं होतं की. मॅडम लोक वाचतात असं मला वाटतं.

म्हणजे भांडणामुळे धक्का बसलाच नाही. छातीत दुखत होतं म्हणून त्या चिडल्या आणि तव्यावरून भांडल्या. मग सातला काय झालं? ते फक्त रत्नाबाईच सांगू शकतात. परवा त्या तपासणीला येणार आहेत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रदीप आईला सोडून डिझेल आणायला गेला. मी दार लावलं. फॉर्म नाही, हातात पेन नाही. सरळ विचारलं: रत्नाबाई, दुखायला नेमकं कधी लागलं?

"तव्याच्या भांडणात."

मी म्हटलं, सात वाजल्यापासून चोळत होतात. ओवा खाल्लात.

दार नीट लागलंय का ते त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, कुणाला सांगणार न्हाई म्हणा. मी म्हटलं, डॉक्टरला सांगताच येत नाही, कायदाच तसा आहे. त्यांना कायदा आवडला.

तर असं आहे. नऊ वर्षं दोन घरांचं बोलणं नाही, पण नऊ वर्षं रोज सकाळी साडेसहाला रत्नाबाई आणि नलिनीबाई त्याच भांडणाच्या बांधाखाली, ओढ्याकाठी बसून मिशरी लावतात. अर्धा तास. पुरुषांना पत्ता नाही. वर कुणी दिसलं तर एक हिकडं तोंड करते, एक तिकडं. रत्नाबाईंचा नवरा वारला तेव्हाही नलिनीबाई भेटायला आल्या नव्हत्या, पण दुसऱ्या दिवशी ओढ्यावर दोघी रडल्या होत्या.

नऊ तारखेला सकाळी नलिनीबाईंनी सांगितलं की मुलाने जांब्याला फ्लॅट घेतलाय, सातवा मजला, कंपनीच्या जवळ. महिनाअखेरच्या रविवारी सगळे तिकडे जाणार. कायमचे.

"मी म्हणलं, जा की. बरं हाय. लिफ्ट आसंल," रत्नाबाई म्हणाल्या. "आन् उठले तर काळजात आसं आवळून आलं बघा. आता घरात काय म्हणू? जिच्याशी बोलत न्हाई ती चालली म्हणून छातीत दुखतंय? मग त्यो तवा दिसला. बरं झालं, दिसला."

मी म्हटलं, पण पायल?

त्या पदराशी खेळायला लागल्या. पोरगी चांगली हाय. तिच्या हातचं जेवण जातं मला. प्रदीप करतो त्या खिचडीला चव न्हाई. पण आता मी फिरवून कसं सांगू? पोरगं विचारंल, मग कशानं? आन् मला खोटं एकच येतं, ते सांगून झालंय.

आणि माझं पेन टेबलावर पडलेलं. जगातल्या कुठल्याच केस रिपोर्टमध्ये हे नसेल. साधना मॅडम खुर्चीतून उठल्या असत्या.

"लिव्हणार न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

मी पेनला टोपण लावलं.

नलिनीबाई रोज बीपी मोजायला का येत होत्या ते मला तेव्हा, त्या सेकंदाला, कळलं. आठ दिवस मी त्यांना वैरी समजून बीपी मोजत होते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रदीपला बोलावलं. खरं सांगता येत नाही, खोटं सांगायचं नाही. मी रात्रभर याचा विचार केलेला नाही, छान झोपले, पण सकाळी दात घासताना सुचलं.

म्हटलं, माझी चूक झाली. मी वेळ नीट विचारली नव्हती. तुमच्या आईंना सकाळी सातलाच दुखायला लागलं होतं. भांडण साडेअकराला झालं. त्यामुळे कारण पायल नाही. सातला पायल कुठे होती?

तो म्हणाला, कॅम्पवर. चाळीस कप चहा. मी स्वतः बघितलं.

मग मी म्हटलं, म्हणजे जे काही झालं ते सातच्या सुमाराला झालं. आणि गप्प बसले.

प्रदीप आठवायला लागला. आठवता आठवता त्याचा रंग बदलला. खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, सातच्या सुमाराला मी आईला म्हणलो होतो, चहा फिक्का झालाय. जरा जोरातच म्हणलो. कपबशी पण आपटली." मग आणखी खाली, "तुमी कुणामुळं ते लिव्हलंय का?"

मी म्हटलं, तो रकाना मी काढून टाकलाय.

"नका लिव्हू," तो म्हणाला. त्याने तिथल्या तिथे मोबाईल काढून भावकीच्या ग्रुपवर टाकलं: डॉक्टरांची चूक झालेली आहे, पायलचा संबंध नाही, विषय बंद. माझ्या चुकीला बावीस जणांनी हात जोडले. मग तो उठला, तडक नांद्याला जाऊन बायकोला आणतो म्हणाला.

मी त्याला फिक्क्या चहाबद्दल काहीच म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का? विचार केला. हार्ट त्याचं चांगलं आहे, झेपेल.

जाण्याआधी औषधाची चिठ्ठी दिली. गोळ्यांच्या खाली, स्वच्छ मराठीत, मी लिहिलं होतं: ‘महिनाअखेरपासून दर गुरुवारी हवापालटासाठी जांबे येथे नेणे. किमान दोन तास. सोबत सून आवश्यक.’

प्रदीपने दोनदा वाचलं. जांब्यालाच का, विचारलं. तिकडं आमच्या चुलत्याचं बिऱ्हाड चाललंय, आमचं त्यांच्याशी बोलणं न्हाई. मी म्हटलं, तुम्ही बोलू नका. तुम्हाला कुठे लिहिलंय?

साधना मॅडमना कळवलं, पेशंटने परवानगी दिली नाही, रिपोर्ट होणार नाही. त्यांनी या वेळी अंगठा पाठवला नाही. थोडं वाईट वाटलं. जेवल्यावर कमी झालं.

संध्याकाळी सिस्टरनी चिठ्ठीची कॉपी फाईलला लावताना वाचली. सगळं पुणं शनिवार-रविवारी हवेसाठी मुळशीला येतं, आणि मी मुळशीच्या पेशंटला हवापालटासाठी जांब्याला पाठवलंय, कंपन्यांच्या आणि काँक्रीटच्या धुळीत. मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलतील.

त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "गोळ्या जेवणाआधी का नंतर?"

मी म्हटलं नंतर.

"आणि जांबे?"

म्हटलं, ते पण जेवणानंतर.

त्यांनी तसं लिहिलं, आणि मला चहा दिला.